आसनाखालचे रूळ

मोटारीच्या पुढच्या आसनाखाली पोलादी रुळांच्या दोन जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील खालचा रूळ गाडीच्या तळाला बोल्टने जखडलेला, तर वरचा आसनाच्या सांगाड्याला जोडलेला असतो. कारखान्यात त्यांना ‘ट्रॅक’ किंवा ‘स्लायडर’ म्हणतात. गाडी घ्यायला गेलेला ग्राहक बॉनेट उघडून इंजिन पाहतो, सीटचे कापड चाचपतो. रुळांकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही. या रुळांकडून अपेक्षा मात्र परस्परविरोधी असतात. दांडा उचलला की आसन अलगद सरकले पाहिजे आणि दांडा सोडल्यावर टक्कर झाली तरी ते जागचे सुटता कामा नये.

दोन्ही रुळांच्या कडा आकड्यांसारख्या वळवून एकमेकींत अडकवलेल्या असतात, म्हणजे वरचा रूळ उचकटून निघत नाही. मधल्या फटीत पोलादी छर्रे फिरतात. फट जास्त झाली तर खड्ड्यांच्या रस्त्यावर आसन खडखडते. कमी झाली तर सरकताना जड जाते. पत्रा दाबून किंवा रोल फॉर्मिंगने वळवलेल्या प्रत्येक रुळात थोडाफार फरक राहतोच. म्हणून किंचित कमी-जास्त व्यासाचे छर्रे हाताशी ठेवून, जोडणीच्या वेळी फट पाहून त्यांतले योग्य ते बसवण्याची पद्धत आहे.

खरी परीक्षा लॉकची. रुळात ठरावीक अंतरावर, साधारणतः एक सेंटिमीटर किंवा त्याहून कमी अंतराने, खाचा असतात आणि लॉकचे दाते स्प्रिंगच्या दाबाने त्यांत बसतात. खाचा जवळजवळ केल्या तर चालकाला हवी ती जागा नेमकी मिळते. पण दोन खाचांमधला पत्रा अरुंद होतो आणि जोराच्या ओढीत तोच फाटतो. यावर उपाय म्हणून एकाऐवजी अनेक दाते एकाच वेळी अडकवतात. दुसरा धोका अर्धवट लॉकचा. दाता खाचेत न उतरता दोन खाचांमधल्या भिंतीवर टेकून राहिला, तर चालकाला आसन पक्के बसल्यासारखे वाटते आणि पहिल्याच जोराच्या ब्रेकला ते पुढे निघते. सांगाडा तिरका झाल्यास एका बाजूचे लॉक बसते आणि दुसरे बसत नाही, असेही घडते.

या रुळांवर भार किती येतो? संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या नियमावलीनुसार तीन बिंदूंच्या बेल्टची चाचणी घेताना खांद्याचा व कमरेचा पट्टा प्रत्येकी १३,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे पावणेचौदाशे किलोच्या बलाने ओढतात. बेल्ट आसनालाच बांधलेला असेल तर आसनाच्या वजनाच्या २० पट बल आणखी लावले जाते. २० किलोच्या आसनासाठी ते ४०० किलो झाले. बहुतेक मोटारींत बेल्टचे वरचे टोक दारामागच्या खांबाला असले, तरी बकल आसनाच्या आतल्या बाजूच्या रुळावर असते. दोन्ही पट्ट्यांची ओढ तेथे एकवटते, म्हणून दिसायला सारख्या असणाऱ्या दोन जोड्यांपैकी आतल्या जोडीला कितीतरी अधिक सोसावे लागते. या चाचणीत रूळ वाकला तरी चालतो. सुटलेला चालत नाही.

पुण्यात हे काम जुने आहे. कोथरूडच्या ज्या टेकडीवर पुणेकर पहाटे फिरायला जातात, तेथे १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आहे. देशातील वाहन मानके ठरवणाऱ्या समितीचे सचिवालय तिच्याकडे असून, आसने व बेल्टच्या चाचण्याही ती घेते. ॲडिएंट, फॉरेसिया या आसने बनवणाऱ्या कंपन्यांची अभियांत्रिकी केंद्रेही शहरात आहेत. भारतात समोरून व बाजूने होणाऱ्या टकरीची चाचणी नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१७ पासून, तर सर्व मोटारींना १ ऑक्टोबर २०१९ पासून बंधनकारक झाली. समोरच्या चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात.

रूळ किती लांब असावा, हे माणसांच्या मापांवर ठरते. केवळ परदेशी मापे घेतली तर बुटक्या चालकाचा पाय क्लचपर्यंत जेमतेम पोहोचेल असा आराखडा तयार होऊ शकतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचे संकलन प्रसिद्ध केले, त्याचे महत्त्व इथे कळते. अनेक गाड्यांत रूळ पुढच्या बाजूस किंचित चढता बसवतात, तोही बुटक्या चालकासाठीच. आसन पुढे घेताना तो आपोआप थोडा उंच होतो आणि त्याला रस्ता दिसतो.

लॉकमधील एखादी क्षुल्लक स्प्रिंगही महागात पडते. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे ६३ लाख ९० हजार गाड्या परत मागवल्या. त्यामागे जे वेगवेगळे दोष होते, त्यांपैकी एक आसनाच्या रुळातील स्प्रिंगचा होता. आसन वारंवार पुढे-मागे केल्यास ती तुटण्याची शक्यता होती.

आपल्याकडे यात धुळीची भर पडते. ग्रीसला धूळ चिकटते, नाणी व शेंगदाणे रुळात पडतात आणि दात्याच्या वाटेत येतात. म्हणूनच आसन नेहमी थांबलेल्या गाडीत सरकवावे, दांडा सोडल्यावर ‘खट’ असा आवाज ऐकावा आणि अंगाने पुढे-मागे एक हिसका देऊन ते दोन्ही बाजूंनी पक्के बसल्याची खात्री करावी.