काच खाणाऱ्या आम्लाशी ओळख

प्रयोगशाळेतली बहुतेक घातक द्रव्ये आपला स्वभाव लपवत नाहीत. सल्फ्युरिक आम्लाचा थेंब हातावर पडला की हात आपोआप नळाखाली जातो. अमोनियाची बाटली उघडी राहिली तर नाकच ओरडून सांगते. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे तसे नाही. बाटली साधी प्लॅस्टिकची, आतला द्रव पाण्यासारखा नितळ, आणि पाठ्यपुस्तकात त्याची गणना चक्क ‘दुर्बल आम्लां’त केलेली. विरल आम्लाचा थेंब बोटावर पडला तर कित्येकदा काहीच जाणवत नाही. ठणका सुरू होतो तो काही तासांनी, रात्री घरी जेवताना किंवा झोपेत, आणि तोवर आम्ल कातडीखाली खोल उतरलेले असते. तरीही संशोधनाला ते हवेच असते. ते हाताळावे कसे आणि तसेच का, एवढाच या पुस्तिकेचा विषय.

विषय अरुंद आहे, हे मान्य. म्हणून आधी हे आम्ल आपल्याकडे कुणाला लागते ते पाहू. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, काठाने झाडे वाढत, आणि त्या तळ्यांचा गाळ पुढच्या लाव्हाखाली गाडला जाई. नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी धुंडाळले. पुढे बिरबल साहनी यांनी मध्य प्रदेशातल्या मोहगाव कलानच्या वनस्पती-जीवाश्मांवर काम केले. या दगडांत त्या काळचे परागकणही सापडतात. परागकणाचे कवच भलतेच चिवट असते, आम्लांना ते सहसा दाद देत नाही. तेव्हा भोवतीचा सिलिकेटी दगड विरघळवला की कण मोकळे होतात, आणि त्यासाठी जगभरच्या परागविज्ञानाच्या प्रयोगशाळा पिढ्यानपिढ्या हेच आम्ल वापरत आल्या आहेत. सिलिकॉन चिपवर काम करणाऱ्यांनाही ते लागते. सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर ते काढून टाकते आणि खालच्या सिलिकॉनला जवळजवळ हात लावत नाही. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे रान आणि उद्याचा संगणक, दोन्हींच्या वाटेवर ही एकच बाटली ठेवलेली आहे. मला या गोष्टीचे अजूनही कौतुक वाटते.

तरी या आम्लावर मराठीत स्वतंत्र पुस्तिका कशाला, असा प्रश्न रास्त आहे. प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात आणि बाटलीबरोबर येणारी सेफ्टी डेटा शीटही इंग्रजीतच असते. पण बाटली कपाटातून काढून देणारे, भांडी विसळणारे, टाकाऊ द्रावणाचे कॅन उचलणारे लॅब असिस्टंट आणि परिचर यांच्यापर्यंत ती शीट पोचतेच असे नाही. विद्यार्थीही ती सहीपुरती वाचतात. वाचकांनी ही पुस्तिका आपल्यापुरती न ठेवता या सहकाऱ्यांच्या हाती द्यावी, ही पहिली विनंती.

आता वाचायचे कसे याविषयी. पुढल्या प्रकरणांतल्या सूचना पाठ करायला बसू नका. त्या पुष्कळ आहेत, आणि पाठ केलेली सूचना घाईच्या क्षणी आठवत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी मनात पक्क्या धरा. फ्लोराइडला सिलिकॉनची ओढ आहे आणि कॅल्शियमची त्याहून आहे. बहुतेक नियम तुम्हाला या दोन ओढींवरून स्वतःच काढता येतील.

पहिली ओढ इतिहासात लवकर दिसली. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७७१ मध्ये फ्लोरस्पार हे खनिज सल्फ्युरिक आम्लाबरोबर काचेच्या भांड्यात तापवले, तेव्हा भांडेच खाल्ले गेले. काच म्हणजे मुख्यतः सिलिका. या आम्लाला म्हणूनच प्लॅस्टिकची बाटली, प्लॅस्टिकचे चंचुपात्र, ढवळायला प्लॅस्टिकचीच कांडी. पुढे आम्लातला फ्लोरीन सुटा करण्याच्या नादात अनेकांनी प्रकृती गमावली, काहींनी प्राण. अखेर १८८६ मध्ये पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांना ते साधले. त्यांची नळी प्लॅटिनम-इरिडियमच्या मिश्रधातूची होती आणि तिची बुचे फ्लोरस्पारची. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. ज्याला आधीच पोटभर फ्लोरीन मिळालेला आहे त्या पदार्थावर नवा फ्लोरीन हल्ला करणार नाही, हा त्यामागचा विचार. या बुचांपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे, कारण दुसरी ओढ इथे हातात धरता येईल अशी दिसते.

तीच ओढ परागविज्ञानाच्या टेबलावर रोज भेटते. नमुन्याचा दगड फोडून हरभऱ्याएवढे तुकडे करतात. पूड करत नाहीत, कारण पुडीवर आम्ल पडले की मिश्रण तापून उसळते आणि वाफा सुटतात. हे तुकडे आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचे, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग भरपूर पाण्याने धुऊन घ्यायचे. नवख्या विद्यार्थ्याला ही पायरी वेळकाढू वाटते. पण दगडातला चुना तसाच राहिला तर पुढे फ्लोराइड त्याच्याशी जुळून कॅल्शियम फ्लोराइडचा पांढरा, न विरघळणारा साका तयार होतो, आणि परागकण त्यात हरवून बसतात. कॅल्शियम काढून टाकल्यावरच फ्यूम हूडमध्ये, प्लॅस्टिकच्या पसरट ट्रेमध्ये चंचुपात्र ठेवून, हायड्रोफ्लोरिक आम्लाची पाळी येते. आम्ल थोडे थोडे घालायचे, आणि झाकण सैल ठेवून भांडे हूडमध्येच राहू द्यायचे. पुढचे काम आम्ल आपल्या गतीने करते.

दगडात नकोसे वाटणारे हे कॅल्शियम आपल्या शरीरात मात्र जागोजागी लागते. इथे ‘दुर्बल’ या शब्दाने फसू नका. त्याचा अर्थ इतकाच की पाण्यात या आम्लाचे फार थोडे रेणू तुटून आयन होतात; १ मोलर द्रावणात शंभरातले जेमतेम तीन. बाकीचे रेणू अखंड, लहान आणि विद्युतभाररहित असतात, आणि नेमके म्हणूनच कातडीतून सहज आत शिरतात. आत गेल्यावर फ्लोराइड सुटते आणि पेशींतले कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून टाकते. आम्ल ५० टक्क्यांहून तीव्र असेल तर वेदना तत्काळ होते. २० ते ५० टक्क्यांचे असेल तर एक ते आठ तासांनी. त्याहून विरल असेल तर कधी कधी २४ तासांनी. दाह मोठा असला की रक्तातले कॅल्शियम घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात १९९४ मध्ये एका छोट्या प्रयोगशाळेत परागकणांसाठी दगड विरघळवणाऱ्या तंत्रज्ञाच्या मांडीवर ७० टक्के तीव्रतेचे आम्ल सांडले. ते १०० ते २३० मिलिलिटर असावे, असा अंदाज नंतर काढला गेला. म्हणजे फार तर एक पेलाभर. तो एकटा काम करत होता. हातात मोजे होते, पण अंगावर आम्ल अडवणारा ॲप्रन नव्हता आणि कॅल्शियमचे मलम जवळ नव्हते. पाय कापूनही तो वाचला नाही. पंधराव्या दिवशी गेला. ही हकीकत भीती घालण्यासाठी सांगत नाही. तिच्यातली प्रत्येक उणीव स्वस्तात भरून निघण्यासारखी होती, ते दिसावे म्हणून सांगतो.

उपाय तीच दुसरी ओढ पुरवते. फ्लोराइडला कॅल्शियम हवे ना, मग शरीरातले घेण्याआधी बाहेरून द्यावे. आम्ल अंगावर पडताच भिजलेले कपडे काढून वाहत्या पाण्याखाली जायचे, साधारण पाच मिनिटे धुवायचे, आणि मग २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल मोजे घातलेल्या हाताने चोळत राहायचे. जेल नसेल तर मदत येईपर्यंत पाणी थांबवायचे नाही. दुखत असो वा नसो, रुग्णालयात जायचेच. जेलची ट्यूब कुलुपात नको, हूडशेजारी डोळ्यांसमोर हवी, आणि तिच्यावरची मुदतीची तारीख बाटली उघडण्याआधी पाहायची. ट्यूब नसेल तर त्या दिवशी काम नाही. या बाबतीत मी हटवादी आहे.

सांडलेल्या आम्लाचेही असेच. इतर आम्लांवर वाळू टाकायची जुनी सवय इथे घातक ठरते, कारण वाळू म्हणजे सिलिका, आणि तिच्यापासून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा विषारी वायू निघू शकतो. खायचा सोडा टाकला तर आम्लपणा जातो, पण विरघळलेले फ्लोराइड तसेच राहते. चुनखडीची पूड किंवा विरलेला चुना टाकला तर दोन्ही कामे होतात. अर्थात हे थोडे सांडले तर. जास्त सांडले किंवा हूडबाहेर सांडले तर खोली रिकामी करायची आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना बोलवायचे. हातमोज्यांचे प्रकरण लांब आहे, तेव्हा इथे एकच सांगतो: प्रयोगशाळेतले नेहमीचे पातळ नायट्राइल मोजे या आम्लासमोर भरवशाचे नाहीत. त्यांच्यावर जाड निओप्रीनचे किंवा ब्युटिल रबराचे लांब मोजे चढवा आणि दर वेळी बारीक छिद्र नाही ना ते तपासा.

पहिल्यांदा काम करणाऱ्यांनी प्रथमोपचाराचे प्रकरण आधी वाचावे, मग साध्या पाण्याने संपूर्ण कृतीची रंगीत तालीम करावी: मोजे, चेहऱ्यावरची ढाल, ॲप्रन, ओतणे, धुणे, कॅन भरणे, सगळे. सोबत जाणता सहकारी हवाच. मार्गदर्शकांनी पहिले प्रकरण आणि टाकाऊ द्रावणाचे प्रकरण निदान एकदा विद्यार्थ्यांबरोबर बसून वाचावे. ज्यांना केवळ कुतूहल आहे आणि आम्ल कधी हाताळायचे नाही, त्यांनी खुशाल इतिहासापासून सुरुवात करावी. शेले ते म्वासाँ हा प्रवास रसायनशास्त्रातल्या सर्वांत धाडसी प्रवासांपैकी एक आहे.

शेवटचे पान तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांसाठी आहे. असा रुग्ण कॅज्युअल्टीत रोज येत नाही, आणि वरवर किरकोळ दिसणारा दाह पाहून मलमपट्टी करून घरी पाठवले जाण्याची शक्यता असते. म्हणून आम्लाचे नाव, त्याची तीव्रता, संपर्काची वेळ आणि तोवर केलेले उपचार लिहायला तिथे मोकळ्या ओळी ठेवल्या आहेत. ईसीजी आणि रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवण्याची विनंतीही छापली आहे. जागा बधिर करण्याची घाई का करू नये, तेही त्यात आहे: ठणका थांबणे हीच फ्लोराइड बांधले गेल्याची खूण असते, आणि भूल दिली तर ती खूण दिसेनाशी होते. हे पान फाडून रुग्णाबरोबर द्यावे. ते सहज फाटावे म्हणून कडेला छिद्रांची रेघ मारली आहे.