रेशमी अंथरूण आणि कोषातला जीव

'अहिंसक रेशीम' म्हणून आता उशांचे अभ्रे, चादरी, रजया विकायला आहेत. कुणी त्याला पीस सिल्क म्हणतं. साध्या रेशमापेक्षा ते महाग असतं. आज रनाळ्यात, म्हणजे कापसाच्या मुलखात बसून, आपण या नावाचा इतिहास पाहणार आहोत. नाव अलीकडचं आहे. वाद मात्र फार जुना, आणि गंमत अशी की त्यातला एक फार जुना दाखला अंथरुणाचाच आहे.

बौद्ध विनयपिटकात भिक्खूंसाठी एक नियम आहे: रेशीम मिसळलेलं 'संथत' करून घेऊ नये. संथत म्हणजे खाली पसरायचं जाड अंथरूण. नियमामागची गोष्टही तिथेच दिली आहे. आळवी नावाच्या गावी काही भिक्खू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, पुष्कळ किडे उकळा, आम्हालाही रेशीम द्या, अंथरूण करायचं आहे. त्यावर ते कारागीर चिडले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही पोटासाठी, बायकापोरांसाठी हे जीव मारतो, ते आमचं दुर्दैव. पण घरदार सोडलेल्या या माणसांना असं सांगवतं कसं? बुद्धांनी मग नियम घातला.

ही गोष्ट नीट ऐकावी असं आम्हाला वाटतं. पापाची बोच कुणाला आहे? मागणाऱ्याला नाही, करणाऱ्याला. हा धागा आपण हातात धरून ठेवू.

आता जीव मारावा का लागतो, ते पाहू. तुतीचा पाला खाऊन वाढलेली अळी स्वतःभोवती कोष विणते. तो एकच अखंड धागा असतो. चांगल्या जातीत हजार मीटरच्या पुढे जातो. आतला पतंग बाहेर येताना लाळेने कोषाचं टोक मऊ करून भोक पाडतो आणि अखंड धागा उलगडण्याची सोय संपते. म्हणून पतंग निघण्याआधीच कोषांना वाफ किंवा गरम हवा देतात आणि मग पाण्यात शिजवून धागा ओढतात. किलोभर कच्च्या रेशमाला साधारण सहा-सात किलो कोष लागतात, म्हणजे साडेतीन ते चार हजार जीव.

आपल्या घरांतली विसंगती इथे दिसते. पूजेला सोवळं म्हणून काय नेसायचं? मुकटा, कद, पीतांबर. सुती धोतर धुवून, कुणाला न शिवता वाळवावं लागे. रेशीम मात्र मुळातच पवित्र. ज्या घरात मुंगी मारली तर आजी रागवायची, त्याच घरात देवापुढे बसायला उकळलेल्या कोषांचं वस्त्र! त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कढई दूर होती, दिसत नव्हती.

किती दूर? फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला, तो आपल्याच मुलखातून: नवापूर, नंदुरबार, थाळनेर. नंदुरबारचं नाव त्याने 'नसरबार' असं लिहिलंय. हाच माणूस बंगालमधल्या कासिमबाजारबद्दल सांगतो, की तिथून वर्षाला २२,००० गासड्या रेशीम निघतं, गासडी १०० लिव्रची, म्हणजे सुमारे ५० किलोची, आणि त्यातलं बरंचसं विणायला अहमदाबाद-सुरतेकडे येतं. हा आकडा खरा मानला आणि किलोला साडेतीन हजारच कोष धरले, तरी वर्षाला पावणेचारशे कोटींच्या वर कोष होतात. प्रवाशांचे आकडे फुगलेले असू शकतात. निम्मे करा, तरी डोकं चक्रावतं.

कोष न मारता सूत काढणं अशक्य मात्र कधीच नव्हतं. बियाण्यासाठी राखलेल्या कोषांतून पतंग बाहेर पडतातच. त्या फुटक्या कोषांचा धागा ओढता येत नाही, पण कापसासारखा कातता येतो. बंगालमध्ये अशा सुताला मटका म्हणतात. टसरच्या पट्ट्यात हाताने ओढलेल्या अशाच जाड सुताला घिचा. आपल्याकडे गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचा कोसा होतो आणि त्यातून करवतकाठी साडी विणली जाते. म्हणजे हे सूत आधीही होतं, फक्त दुय्यम माल म्हणून. कुणी त्याला अहिंसक म्हणून मिरवत नव्हतं.

ते नाव बाजारात रुजवण्यात मोठा वाटा हैदराबादच्या कुसुम राजय्यांचा. आंध्रच्या हातमाग सहकारी संस्थेत नोकरी करत असताना त्यांनी पतंग उडू देऊन उरलेल्या कोषांचं सूत कातण्याचे प्रयोग केले. २००६ साली त्यांना पेटंट मिळालं. 'उडू देऊन' हा आपला बोलण्याचा प्रघात झाला. तुतीचा पतंग उडत नाही. हजारो वर्षं पाळल्यामुळे त्याची उडण्याची ताकद गेली. तो काही खातही नाही. जोडी जमते, मादी अंडी घालते आणि थोड्या दिवसांत दोघंही मरतात.

आणि खरा पेच इथेच आहे. मादीने अंडी घातली की बियाणं केंद्रात तिला चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पेब्रिन नावाचा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. लुई पाश्चर यांनी १८६५ ते १८७० या काळात फ्रान्समध्ये या रोगावर काम करून ही तपासणी बसवली आणि बुडता धंदा वाचवला. म्हणजे कोषातला जीव वाचला, तरी पुढच्या पिढीच्या बियाण्यासाठी त्याची आई चिरडली गेलेली असू शकते. पुण्याची ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी ही १९७४ पासूनची संस्था 'अहिंसा रेशीम' या नावावर आक्षेप घेते, तो उगाच नाही.

मग एरी रेशीम? आसामचं हे रेशीम एरंडाच्या पाल्यावर होतं, नावही एरंडावरूनच. याचा कोष मुळातच एका टोकाला उघडा, धागा तुटक, त्यामुळे ते कातूनच घ्यावं लागतं, जीव मारण्याची गरज नाही. म्हणून त्याला सर्रास अहिंसक म्हणतात. पण आसामात तो कोषातला किडा आवडीने खातात! त्यांच्यासाठी ते घरचं अन्न आहे, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. लेबल लावणाऱ्याने मात्र विचारायला हवं, की या चादरीच्या कोषांतले पतंग बाहेर निघाले की काढले?

क्रूरता फक्त किड्यांपुरतीही नसते. टसरचा धागा कितीतरी बायका उघड्या मांडीवर घासून काढत आल्या. कातडी सोलवटून जाते. केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं यंत्र आणलं ते ही पद्धत बंद व्हावी म्हणून, आणि तेही अगदी अलीकडे. आळवीचे कारागीर आठवा. अहिंसक म्हणवणाऱ्या अभ्र्यामागे ती मांडी असेल, तर आम्ही त्याला अहिंसक म्हणणार नाही.

शेवटी, घ्यायचंच असेल तर काय पाहावं? कातलेलं रेशीम ओढलेल्या रेशमाइतकं चकाकत नाही. थोडं गाठाळ, जरा लोकरीसारखं उबदार लागतं. 'अहिंसक' म्हणून आरशासारखी चकचकीत चादर कुणी दाखवली, तर शंका घ्या. ती पॉलिस्टरची सॅटिनही असू शकते. दशीचा एक दोरा जाळून पाहा: रेशीम केस जळल्यासारखं वासतं आणि राख चुरडते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. फायदा म्हणाल तर रेशीम घाम टिपतं आणि अंगाला ऊब देतं. त्याने सुरकुत्या जातात वगैरे जाहिरातवाल्यांवर सोडू.

धुताना सोडा आणि ब्लीच अजिबात नको. रेशीम केसांसारखंच प्रथिन आहे, क्षाराने ते खाल्लं जातं. रिठ्याचं गार पाणी उत्तम. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. इस्त्री उलट बाजूने, मंद. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा, आणि वर्षातून एक-दोनदा घडी मोडून दुसरीकडून घाला, नाहीतर घडीवरच कापड विरतं.