पाऱ्यावरचा उतारा

‘सेलेनियम येतं का?’ सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीसाठी पुण्यात मुलाखतीला गेलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. वेबसाइट तपासायच्या या साधनाचं नाव एका टोमण्यातून आलंय, याची कल्पना मात्र विचारणाऱ्यालाही बहुधा नसते आणि उत्तर देणाऱ्यालाही.

साल २००४, शिकागो. इतरांना सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या थॉटवर्क्स या कंपनीत एक घरगुती वेब-अ‍ॅप्लिकेशन होतं: कामाचे तास आणि खर्चाचा हिशेब भरायचं. म्हणजे कुठल्याही ऑफिसातलं सर्वांत नावडतं पान! जेसन हगिन्स त्यावर काम करत होता. त्या काळी इंटरनेट एक्स्प्लोरर आणि मोझिला यांचं एकमेकांशी पटत नसे. एकात चाललेलं बटण दुसऱ्यात रुसायचं. प्रत्येक बदलानंतर दोन्हीकडे सगळी बटणं हाताने दाबून पाहायची, हे काम माणसाला वीट आणणारं. फुकट मिळणारी बरीच साधनं नुसतं ब्राउझरचं सोंग घेत. पानावरची जावास्क्रिप्ट आली की ते सोंग उघडं पडे. हगिन्सने उलटा विचार केला आणि खऱ्या ब्राउझरच्या आत बसून त्यालाच टिचक्या मारायला लावणारा जावास्क्रिप्टचा प्रोग्रॅम लिहिला.

आता नाव. या धंद्यात तेव्हा मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीच्या महागड्या साधनांचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा चालतो, असा विनोद हगिन्सने एका ईमेलमध्ये केला. नाव चिकटलं. (मूलद्रव्याला ते बर्झेलियसने ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून दिलं होतं, एवढ्या शीतल नावाचा उपयोग टोमण्यासाठी व्हावा!) मर्क्युरी २००६मध्ये एचपीने सुमारे साडेचार अब्ज डॉलरना घेतली. सेलेनियम आजही फुकट आहे.

मला मात्र नावापेक्षा त्याच्या पहिल्या रूपाचं जास्त अप्रूप वाटतं. सुरुवातीची सेलेनियमची चाचणी म्हणजे एचटीएमएलमधला साधा तक्ता, तीन रकान्यांचा: काय करायचं, कशावर करायचं, कोणती किंमत घालायची. उघडा, टाइप करा, क्लिक करा, हा मजकूर दिसतो का पाहा. चाचणी चालू झाली की एकेक ओळ रंगत जायची, जमलं तर हिरवी, फसलं तर लाल. चाचणीचा कागद तोच, निकालाचाही तोच. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालासुद्धा गाडी कुठे अडली ते बोट ठेवून दाखवता येई.

ही रंगाची चाल सेलेनियमच्याही आधीची. विकीचा जनक वॉर्ड कनिंगहॅम याने २००२मध्ये फिट नावाची चौकट आणली होती. व्यवहार समजणाऱ्या माणसाने वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये तक्ता लिहावा आणि यंत्राने त्यातली चौकट न चौकट हिरवी-लाल करून परत द्यावी, अशी तिची रीत. सेलेनियमचा तक्ता याच घराण्यातला. २००६मध्ये जपानच्या शिन्या कासातानीने फायरफॉक्ससाठी सेलेनियम आयडीई दिलं. आपण पानावर वावरायचं, तक्ता आपोआप भरत जायचा.

पण तक्त्याला मर्यादा होत्या. दुसऱ्याच्या पानात आपली स्क्रिप्ट घुसू नये म्हणून ब्राउझर पहारा देतो, त्यामुळे सेलेनियमच्या फाइली तपासायच्या सर्व्हरवरच नेऊन ठेवाव्या लागत. पॉल हॅमंट आणि मंडळींनी मध्ये एक मध्यस्थ सर्व्हर बसवून सेलेनियम आरसी केलं, आणि जावा-पायथनमधून हुकूम देता येऊ लागले. पुढे सायमन स्टुअर्टच्या वेबड्रायव्हरने प्रत्येक ब्राउझरला बाहेरून हाकायची सोय केली. २००९मध्ये दोन्ही एकत्र करायचं ठरलं, २०११मध्ये सेलेनियम २ आलं, आणि २०१८मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबड्रायव्हरला अधिकृत मानकाचा दर्जा दिला.

ताकद वाढली तसं अक्षर बिघडलं. आता चाचणी म्हणजे कोड, आणि अपयश म्हणजे ‘नो सच एलिमेंट एक्सेप्शन’च्या खाली पन्नास ओळींची उतरंड. मॅनेजरने ती वाचून करायचं काय? वेबड्रायव्हर स्वतः अहवाल देतच नाही. ते काम चाचण्या चालवणाऱ्या जेयुनिट, टेस्टएनजी अशा शेजाऱ्यांवर पडलं.

हरवलेला तक्ता दुसऱ्या दारांनी परत आला. पेक्का क्लार्कच्या प्रबंधातून निघालेली आणि नोकिया नेटवर्क्समध्ये वाढलेली रॉबोट फ्रेमवर्क २००८मध्ये सर्वांना खुली झाली. तिच्या चाचण्या पुन्हा रकान्यांत, आणि अहवालाचं अख्खं पान हिरवं किंवा लाल; खुर्चीत मागे रेलूनही निकाल कळतो. त्याच वर्षी अस्लक हेलेसॉयचं क्युकंबर आलं, ज्यात चाचणी साध्या वाक्यांत लिहितात आणि अहवालात तीच वाक्यं रंगून येतात.

क्युकंबरच्या गर्किन या भाषेत मराठी शब्दही आहेत: वैशिष्ट्य, परिदृश्य, जेव्हा, आणि, पण. ‘परिदृश्य’ म्हणणारा टेस्टर मला अजून भेटलेला नाही. सगळे ‘सिनॅरिओ फेल गेला’ असंच म्हणतात.