संभाव्यता, प्रायिकता आणि सहा कवड्या

भिलाईत दहावीच्या मुलांना गणित समजावताना पहिली अडचण आकड्यांची येत नाही, शब्दांची येते. माझ्या भाच्याच्या हिंदी पुस्तकात त्या प्रकरणाचे नाव 'प्रायिकता'. सुट्टीत पुण्याहून आलेल्या त्याच्या मामेबहिणीच्या मराठी पुस्तकात तेच 'संभाव्यता'. "मावशी, दोन्ही एकच ना?" त्याने विचारले. "एकच," मी म्हटले खरे. पण अनुवाद करणाऱ्या माणसाचा समानार्थी शब्दांवर फारसा विश्वास नसतो.

'संभाव्यता' संभवाशी जोडलेली आहे: काय काय घडू शकते, ते आधी मोजा. 'प्रायिकता' 'प्रायः'वरून आली: बहुधा काय घडते, ते पाहा. पहिला शब्द फासा टाकण्याआधीचा, दुसरा अनेकदा टाकून झाल्यानंतरचा. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या या पोलादनगरीत सगळ्या प्रांतांची माणसे आली, त्यामुळे शेजारी विचारले तरी उत्तरे मिळतात: तेलुगूत मराठीसारखेच 'संभाव्यता', गुजरातीत 'संभावना'. युरोपीय शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ तर पारखणे, पसंत करणे असा. म्हणजे तिथे सुरुवात विश्वासार्हतेपासून झाली.

दोन्ही मुलांना मी आजीच्या डब्यातल्या सहा कवड्या दिल्या. कवडी उताणी पडते किंवा पालथी. दोन्ही शक्यता सारख्या मानल्या, तर एक कवडी पालथी पडण्याची संभाव्यता १/२. ही साधी संभाव्यता. सहाच्या सहा पालथ्या पडायच्या, तर १/२ सहा वेळा गुणायचे, कारण एका कवडीचे पडणे दुसरीला बांधलेले नाही. उत्तर १/६४. ही संयुक्त संभाव्यता. नेमकी एकच उताणी हवी असेल, तर ती सहांपैकी कोणतीही असू शकते, म्हणून ६/६४. ज्या पच्चीशीत सगळ्या पालथ्या पडल्या की पंचवीस आणि एक उताणी पडली की दहा मिळतात, तिचे नाव कुठून आले हे मुलांना न सांगताच कळले.

एकापासून सहापर्यंत उताण्या कवड्यांचे प्रकार ओळीने लिहिले: ६, १५, २०, १५, ६, १. ही ओळ भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) जशीच्या तशी आहे. तिथे कवड्या नाहीत, सहा रस आहेत. एक, दोन, तीन असे रस घेऊन पदार्थ किती प्रकारचे होतील? एकूण ६३. कोणताच रस नसलेला प्रकार धरला, की आपले ६४. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. काळ १२०७च्या सुमाराचा. बाजारातल्या मालावरच्या उत्पन्नाचा वाटा मठाला लावून देणारा त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गणित शिकवण्याचा खर्च कसा भागवायचा, हे मराठीत इतक्या आधी लिहिले गेले, याचा मला अभिमान वाटतो.

पण तो अभिमान तिथेच थांबवायला हवा. भास्कराचार्यांनी प्रकार मोजले, त्यांना एकूण प्रकारांनी भागून 'शक्यता किती' असे विचारले नाही. नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याची पाने-फळे मोजतो आणि नलाला अक्षविद्या देतो. वैदिक काळातले फासेही बेहड्याच्या फळांचेच. अंदाज आणि जुगार एकाच झाडाखाली भेटतात, तरी त्यातून नियम लिहिला गेलेला नाही. ही उणीव लपवली, तर मुलांना गणितही कळत नाही आणि इतिहासही.

तो नियम ज्या पत्रव्यवहारातून आकाराला आला, तो १६५४ सालचा, पास्कल आणि फर्मा यांच्यातला. शेवालिए द मेरे याला कोडे पडले होते. एक फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा पडेल, ही पैज फायद्याची. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी दोन्हींवर सहा, हीही तशीच हवी. सहाला चार, तर छत्तीसला चोवीस! पण त्रैराशिक इथे चालत नाही. सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. ती चार वेळा गुणून एकातून वजा केली, की ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. दुसरीकडे ३५/३६ चोवीस वेळा गुणून वजा केले, की सुमारे ०.४९१. एक पैज निम्म्याच्या वर, दुसरी खाली.

हे सगळे मान हलवत ऐकून भाचा म्हणाला, "चाचणीत तीन उत्तरं अंदाजाने ठोकली, तिन्ही चुकली. म्हणजे चौथं बरोबर यायलाच हवं होतं." स्पर्धा परीक्षांच्या या गावात ही समजूत महागात पडते. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले, तर दर वेळी १/४च. आधीच्या तीन चुकांची आठवण चौथ्या प्रश्नाला नसते. चारही चुकण्याची संभाव्यता ८१/२५६, जवळजवळ एकतृतीयांश. तो गप्प झाला. मग त्याने स्वतःहून विचारले, "पण कवडी खरंच निम्म्या वेळा पालथी पडते का?"

हा प्रश्न मी शिकवला नव्हता. कवडी नाण्यासारखी सपाट नसते. एक बाजू फुगीर, दुसरीला चीर. तिचे १/२ आपण गृहीत धरले होते, आणि ते खरे की खोटे हे कितीही मोजदाद करून कळणार नाही. त्यासाठी कवडी टाकावी लागते, पुन्हा पुन्हा, आणि लिहून ठेवावे लागते. मामेबहिणीने वहीत दोन रकाने आखले. डावीकडे 'संभाव्यता' लिहून १/२ मांडले. उजवीकडे, भाच्याला विचारून, 'प्रायिकता' लिहिले आणि जागा कोरी ठेवली. दोघे कवडी घेऊन फरशीवर बसले. "आत्या, किती वेळा टाकायची?" तिने विचारले. मी म्हटले, "जेवण होईपर्यंत टाका."