उपासनागीतांच्या चाली व नगरचा गायकवृंद

लावण्यांच्या जुन्या बाडांत पदाच्या शिरोभागीं 'चाल' म्हणून दुसऱ्या एखाद्या पदाचे आरंभींचे शब्द दिलेले असतात. तें दुसरें पद ज्यास ठाऊक त्यास एवढें पुरे. तें विस्मरणांत गेलें, कीं पहिल्याचेंहि गाणें बुडालें. बाडसंग्राहकांस हा अनुभव नवा नाहीं. अहमदनगरच्या (आतां अहिल्यानगर) मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकांसंबंधीं हीच अडचण आहे, आणि तीं पुस्तकें संग्राहकांच्या कपाटांत क्वचितच शिरतात, म्हणून हें टिपण.

अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें नगरास १८३१ सालीं बसलें. पुढें चार वर्षांनीं आलेले रे. हेन्री बॅलंटाइन (मृ. १८६५) यांनीं मराठींत उपासनागीतें रचलीं व भाषांतरिलीं. इंग्रजी गीतांचें माप आघातावर चालतें, आपलें पद्य ऱ्हस्वदीर्घावर किंवा अक्षरसंख्येवर. त्यामुळें परकी चालीवर मराठी शब्द बसवितांना लघु अक्षर लांबविण्याचे प्रसंग येतात. परंतु खरी अडचण निराळीच. या चाली चार आवाजांच्या आहेत. वरच्या पांच रेघांवर सोप्रानो व आल्टो, खालच्या पांच रेघांवर टेनर व बास. प्रत्येक जोडींत ज्या स्वराची दांडी वर तो उंच आवाजाचा, जिची खालीं तो खालच्या आवाजाचा. आम्ही स्वतः बास गाणारांत उभे राहून हें शिकलों. शेजाऱ्याचें ऐकून म्हणूं जावें तों मुख्य चालींतच घसरावें! एकट्या आवाजाची चाल कानावर तगते. चौघांची कागदावांचून तगत नाहीं.

सारेगम जाणणारास पंचरेषांत आणखी एक कोडें पडतें, तें षड्जाचें. षड्ज कोठें, हें आरंभींच्या चिन्हांवरून ताडावें लागतें. नेहमींच्या चालींत एक कोमलचिन्ह असलें कीं षड्ज पांढरी चार, एक तीव्रचिन्ह असलें कीं पांढरी पांच. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांच्या पद्धतीवरून जॉन कर्वेन (१८१६–१८८०) यांनीं सिद्ध केलेल्या टॉनिक सोल्-फा लिपींत हें कोडेंच नाहीं. तींत स्वरांचीं आद्याक्षरें लिहितात, पट्टी शिरोभागीं सांगतात, आणि मात्रा विसर्गासारख्या दोन टिंबांनीं तोडतात. तेथला 'डो' आपल्या षड्जाप्रमाणेंच हलता आहे. आमच्या मतें मराठी कानास हीच लिपि जवळची. शेजारच्या देवगिरीस तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकरांत आक्षिप्तिका स्वराक्षरांनींच लिहून ठेविल्या, आणि विसाव्या शतकांत पलुसकर व भातखंडे यांनींहि अक्षरांचाच आश्रय केला.

रे. नारायण वामन टिळक (मृ. १९१९) यांनीं १८९५ त ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढें नगरास राहून ओवी, अभंग व पदें यांच्या धाटणीचीं शेंकडों गीतें रचिलीं. 'उपासना संगीत' या पुस्तकांत त्यांचीं कित्येक गीतें आहेत. त्यांच्या योगानें मंडळीचें गाणें पुन्हा एका आवाजावर आलें. पेटी आणि तबला यांवर भागूं लागलें. भाषेचा यांत निःसंशय लाभ झाला. पण अभंगास स्वरलिपीची गरज पडत नाहीं, आणि जें लिहिलें जात नाहीं तें संशोधकाच्या हातीं लागत नाहीं. बॅलंटाइनकालीन परकी चाल तिच्या नांवावरून विलायतेच्या पुस्तकांतून आजहि स्वरांसह काढतां येते. टिळकांचा अभंग प्रथम कसा म्हटला गेला, हें मात्र म्हाताऱ्या माणसांच्या कंठांतूनच ऐकावें लागतें, आणि तो कंठ मूळचाच कीं मधल्या कोणा पेटीवाल्यानें वळविलेला, हें ठरविण्यास साधन नाहीं.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंती. जुनें गीतपुस्तक हातीं आलें, तर पहिल्या पानावरील सालावर न थांबतां समास पाहावेत. गाणारा आपल्या सोयीसाठीं शिसपेन्सिलीनें स्वराक्षर, पट्टी किंवा श्वास घेण्याची खूण करून ठेवतो. सामवेदाच्या पोथींतील अक्षरांवरचे अंक आपण जपतों. या खुणांचा मान त्याहून फार कमी नाहीं. त्या मळ समजून पुसूं नयेत, आणि नवी बांधणी करवितांना समास छाटूं देऊं नयेत.