नरडाण्याची आडवी वाट

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला 'माझ्या गावचा रस्ता' या विषयावर टिपण लिहावयास सांगितले होते. नरडाण्याकडच्या एका विद्यार्थ्याने कोरा कागद परत केला. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, आग्रा रोडले इतिहास शे; आमना रस्ता ते नुसता अमळनेरले जास." वर्ग हसला; मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. हे टिपण म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर होय.

धुळे जिल्ह्यातील नरडाणा येथे दोन वाटा एकमेकींना छेदतात. एक दक्षिणोत्तर, मुंबई-आग्रा मार्गाची. धुळे, सोनगीर, नरडाणा, मग सावळद्याजवळ तापी ओलांडून शिरपूर आणि पळासनेरवरून सेंधव्याकडे. हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३. नव्या क्रमवारीत या भागाला ५२ हा आकडा मिळाला. दुसरी वाट आडवी. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर अशी गावे जोडत ती बरीचशी रेल्वेच्या सोबतीने चालते. हिचा क्रमांक विचारला तर त्यावरून रोज जाणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

परंतु बांधीव मार्ग म्हणून आग्रा रोड हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कारभाराचे अपत्य आहे. आडव्या वाटेची दिशा त्याहून जुनी. सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणाऱ्या फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये याचे प्रवासवर्णन १६७६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील मुक्कामांची नावे त्याच्या फ्रेंच उच्चारातूनही ओळखता येतात : नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा. बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण-तुर्कस्तानापासून पोलंडपर्यंत जात असे, आणि ते सुरत बंदराकडे याच दिशेने येई.

या यादीत नरडाणा नाही, थाळनेर आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तापीच्या उत्तर तीरावरचे थाळनेर हे फारुकी घराण्याचे पहिले ठाणे. त्यांच्या कबरी आजही तेथे उभ्या आहेत. पुढे राजधानी बुऱ्हाणपूरला गेली, तरी वाटेवरचे गाव म्हणून थाळनेरचे महत्त्व टिकले. फेब्रुवारी १८१८ मध्ये जनरल हिस्लॉपने थाळनेरचा किल्ला घेतला आणि होळकरांच्या किल्लेदाराला फाशी दिली. त्यानंतर इंग्रजी अंमल धुळ्याभोवती स्थिरावला. १८६०च्या दशकात रेल्वे भुसावळला पोचली आणि कापसाचा व्यापार जळगावकडे वळला. १९००च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले. लोहमार्ग तापीच्या दक्षिणेकडून गेला. स्टेशन नरडाण्याला झाले. थाळनेरला झाले नाही.

थोडक्यात, सुरत-बुऱ्हाणपूर ही वाट नष्ट झाली नाही, ती नदीच्या अलीकडे सरकली. या थोड्या सरकण्याने एक नगर खेड्याच्या पातळीवर आले आणि एका खेड्याला स्टेशन, बाजार आणि पुढे औद्योगिक क्षेत्र मिळाले. आपण इतिहास लिहितो तो बहुधा सैन्ये आणि डाक ज्या रस्त्याने गेली त्याचा. कापसाच्या गाड्या, तालुक्याच्या कचेरीत खेटे घालणारा शेतकरी, कॉलेजची एस.टी. पकडणारी मुलगी ज्या रस्त्याने गेली, त्याची नोंद बांधकाम खात्याच्या वहीपलीकडे जात नाही.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. धुळे-नरडाणा लोहमार्गाची पायाभरणी २०१९ साली झाली; मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. म्हणजे नरडाण्याला पुन्हा उभी रेघ आडव्या रेघेला छेदणार. वाट पुन्हा सरकेल, कोणाची जमीन जाईल, कोणाचा बाजार वाढेल, एखाद्या फाट्यावरचे हॉटेल ओस पडेल. ते घडण्यापूर्वी बेटावद, शिंदखेड्याच्या म्हाताऱ्यांना कोणी तरी विचारून ठेवले पाहिजे की गाड्या कुठे सुटत, बैल कोणत्या विहिरीवर पाणी पीत, पावसाळ्यात पांझरेला पूर आला की किती दिवस अडकून पडावे लागे. तो कोरा कागद भरायला एवढे प्रश्न पुरेसे होते. मी ते त्या दिवशी विचारायला हवे होते.