‘ऊर’ : एक रूप, तीन वंश

मराठीत ‘ऊर’ म्हणजे छाती. संस्कृत ‘उरस्’पासून आलेला हा शब्द ‘ऊर भरून येणे’, ‘उराशी धरणे’ अशा प्रयोगांत भावनेचे अधिष्ठान बनतो. कन्नड व तेलुगूत ‘ऊरु’ म्हणजे गाव. भाषाकुळे भिन्न, व्युत्पत्ती भिन्न; रूपसाम्य केवळ यादृच्छिक. ‘लातूर’ म्हणताना मराठी भाषक हा दुसरा ‘ऊर’ नकळत उच्चारीत असतो.

लातूर म्हणजेच प्राचीन लत्तलूर, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. राष्ट्रकूट आणि त्यांच्या मागून सौंदत्तीचे रट्ट या नगरीचे अधिपतित्व बिरुदात मिरवीत. ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ या बिरुदात ‘ऊर’ आणि ‘पुर’ शेजारी-शेजारी आहेत. ही पुनरुक्ती अर्थपूर्ण आहे : संस्कृत बिरुदाच्या साच्यात ‘ऊर’ हा गावाचा वाचक न राहता विशेषनामाचाच अंश झाला होता. मराठीने पुढची पायरी गाठली. ‘लातुरात’, ‘देगलुरात’ ही रूपे ‘उरात’प्रमाणेच ऱ्हस्व होतात, व्याकरण शब्दाचा वंश विचारीत नाही.

नांदेड जिल्ह्यातील माहूर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा करतो. महानुभाव वाङ्मयात या स्थळाचे नाव ‘मातापूर’ असे येते. प्राकृतात स्वरमध्यस्थ व्यंजने लोपत असल्याने येथील ‘ऊर’ हा ‘पुर’चा झिजलेला अवशेष असणे शक्य आहे. तसे असेल, तर एकाच रूपामागे तीन वंश उभे राहतात.

या भेदाला केवळ कोशगत महत्त्व नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, तेलुगू जिल्हे आंध्रकडे गेले. अशा सीमाप्रदेशात गावाच्या नावावरून भूमीची मालकी ठरविण्याचा मोह प्रबळ असतो. परंतु नामान्त हा फार तर नाव ठेवणाऱ्याची भाषा सुचवितो. आज तेथे नांदणाऱ्याची नव्हे. त्यातही ‘लातूर’चा न्याय ‘माहूर’ला लावता येत नाही. रूपसाम्यालाच पुरावा मानले, तर सुमेरमधील ‘ऊर’ नगरही मांजरेच्या काठी आणून बसविता येईल. वस्तुतः त्या नगराचे सुमेरी नाव ‘उरिम’ होते.

सोस्यूरने चिन्हाची यादृच्छिकता प्रतिपादिली. मराठवाड्याचा नकाशा तिला इतिहासाची जोड देतो. चिन्हक टिकले, चिन्हित बदलत गेले. स्थलनाम हे वहिवाटीचे साधन आहे, मालकीचा दस्तऐवज नव्हे.